सायगावचं चॅनेल ९: विमानातून की टॉवरवरून?

७ फेब्रुवारी १९६६ रोजी दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीत, म्हणजे सायगावमध्ये (आजचं हो ची मिन्ह सिटी), व्हिएतनामी भाषेतलं टीव्ही प्रक्षेपण सुरू झालं, तेही चक्क विमानातून. चार इंजिनांचं सुपर कॉन्स्टेलेशन शहरावर घिरट्या घालायचं. चॅनेल ९ वर व्हिएतनामी कार्यक्रम, चॅनेल ११ वर अमेरिकी सैनिकांसाठीचे. टेप वाजवायची यंत्रंही विमानातच.

उंचीचा फायदा गणितातच दिसतो. रेडिओ क्षितिज, म्हणजे सिग्नल सरळ रेषेत जिथवर पोहोचतो ते अंतर, किलोमीटरमध्ये काढायचं तर मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ घेऊन ४.१२ ने गुणायचं. ३,००० मीटरवरच्या विमानाला सुमारे २२५ किमी मिळतात, १०० मीटरच्या टॉवरला जेमतेम ४१. मेकाँग नदीच्या सपाट प्रदेशात हा फरक फार मोठा.

पण विमान एका जागी थांबत नाही. घराच्या छपरावरचा अँटेना (चॅनेल ९ साठी दांडी साधारण पाऊण मीटर) एकाच दिशेला रोखलेला असतो. विमान वळलं की सिग्नल कमी-जास्त होतो, चित्रावर मुंग्या येतात. शिवाय इंधन आणि वैमानिकांचा खर्च रोजचा, म्हणून प्रक्षेपणाचे तासही मोजकेच.

टॉवरचं उलट. पल्ला तोकडा, पण अँटेना एकदा नीट लावला की पुन्हा हात लावायला नको. १९६६ संपायच्या आत सायगावचं जमिनीवरचं केंद्र सुरू झालं, ते योग्यच. दैनंदिन वाहिनीसाठी टॉवरच हवा. विमान फार तर सुरुवातीची घाई भागवतं.

सायगाव पडल्यावर १ मे १९७५ ला नव्या कम्युनिस्ट राजवटीनं याच केंद्रावरून प्रक्षेपण सुरू केलं. आजच्या एचटीव्ही९ (हो ची मिन्ह सिटीची टीव्ही वाहिनी) मधला ९ हा तोच जुना चॅनेल क्रमांक. शहरातलं अॅनालॉग प्रक्षेपण ऑगस्ट २०१६ मध्ये थांबलं.