लिटल बॉय आणि फॅट मॅन : अंबडमध्ये तयार झालेल्या दोन प्रतिकृती

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एक छोटे वर्कशॉप एरवी कारखान्यांसाठी थ्रीडी प्रिंटिंगची कामे करते आणि सवडीने स्केल मॉडेल बनवून विकते. विमाने आणि तोफा यांच्या पाठोपाठ त्यांनी आता हिरोशिमावर टाकलेल्या लिटल बॉय आणि नागासाकीवर टाकलेल्या फॅट मॅन या अणुबॉम्बच्या १:१२ प्रमाणातील रेझिनच्या प्रतिकृती विक्रीस ठेवल्या आहेत. जोडीची किंमत ७,८०० रुपये, सुटी घेतल्यास प्रत्येकी ४,२०० रुपये. परदेशातून अशी जोडी मागवायची तर टपालखर्च आणि सीमाशुल्क भरतानाच उत्साह मावळतो, त्यामुळे नाशिकमधील संग्राहकांचे लक्ष या जोडीकडे जाणे स्वाभाविक आहे. मी जोडी घेतली; पण दोन्ही मॉडेल एकाच वर्कशॉपमधून बाहेर पडली यावर विश्वास बसू नये, इतका त्यांच्या दर्जात फरक आहे.

या बॉम्बची प्रतिकृती जोखताना रंगाआधी आकार पाहावा, कारण त्यांचा आकार आतील यंत्रणेने ठरवलेला आहे. लिटल बॉय ही मुळात एक तोफच होती. युरेनियम-२३५चा एक भाग नळीतून दुसऱ्या भागावर डागायचा, अशी तिची रचना होती आणि ती नळी वॉशिंग्टन येथील नौदलाच्या तोफकारखान्यात तयार झाली होती. म्हणूनच तो बॉम्ब सुमारे ३ मीटर लांब असूनही व्यासाने जेमतेम ७१ सेंटिमीटर होता. प्लुटोनियमला ही युक्ती लागू पडेना, कारण अणुभट्टीत तयार होणाऱ्या प्लुटोनियममध्ये प्लुटोनियम-२४०चा अंश राहतो, त्याचे आपोआप विखंडन होत असते, म्हणजे अणुकेंद्रे आपसूक फुटत असतात, आणि नळीतील भाग पुरते एकत्र येण्याआधीच बॉम्ब फुसका ठरण्याचा धोका असतो. त्यामुळे फॅट मॅनमध्ये सुमारे ६ किलो प्लुटोनियमच्या गोळ्याभोवती स्फोटकांचे जाड कवच रचून तो गोळा चहूबाजूंनी एकाच क्षणी आत दाबण्यात आला. या रचनेची चाचणी १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात घेतली गेली; तोफेच्या रचनेवर शास्त्रज्ञांचा इतका भरवसा होता की लिटल बॉयची तशी चाचणी घेतलीच नाही. कवचामुळे फॅट मॅनचा व्यास दीड मीटरवर गेला, आणि शेजारी शेजारी ठेवल्यावर एक काटकुळा व दुसरा ढेरपोट्या दिसलाच पाहिजे.

फॅट मॅनचे मॉडेल या कसोटीला उतरते. व्हर्नियर लावून पाहिल्यास लांबी २७ सेंटिमीटर आणि व्यास पावणेतेरा सेंटिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे प्रमाण अचूक आहे. त्याहून कौतुक रंगकामाचे करावे लागेल. मूळ बॉम्बच्या मोहरीसारख्या पिवळ्या कवचावर, सांधे बंद करण्यासाठी डांबरासारखे काळे द्रव्य फवारलेले होते. स्वस्त मॉडेलमध्ये हे पट्टे टेप लावून सरळ काठांचे रंगवतात आणि मग बॉम्ब रिक्षासारखा दिसू लागतो. येथे मात्र एअरब्रशने काठ विरत नेले आहेत, कुठे पट्टा जाड तर कुठे पुसट आहे आणि पिवळ्या भागावर काळे तुषारही उडालेले आहेत; घाईने, हाताने केलेल्या कामाची खूण त्यात दिसते. नाकाडावरील, स्फोट घडवणारे चारही फ्यूज जागच्या जागी आहेत. चौकोनी शेपटीच्या आतील आडव्या-उभ्या पट्ट्या, ज्या अशा बेढब आकाराला हवेत स्थिर ठेवण्यासाठी बसवल्या होत्या, त्याही पातळ आणि सरळ उतरल्या आहेत. शेपटीच्या खालच्या अंगाला टॉर्च धरल्यास प्रिंटिंगचे थर दिसतात, पण बारीक पॉलिश पेपरने ते सहज जातील.

लिटल बॉयबद्दल असे म्हणता येत नाही. १:१२ प्रमाणात त्याचा व्यास ६ सेंटिमीटरच्या थोडा आत असायला हवा. प्रत्यक्षात तो साडेसहाच्या पुढे भरतो. अर्धा सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटेल, परंतु त्यामुळे नळीचा काटकुळेपणा नाहीसा होतो, आणि देवळालीला तोफखान्यात उमेदवारी केलेल्या माझ्या एका स्नेह्यांनी मॉडेल हातात घेताच ‘यात तोफ कुठे आहे?’ असे विचारले. रंग चकचकीत आहे, तो मॅट हवा होता. रडारच्या अँटेना दाभणाएवढ्या जाड असून त्यातील एक खोक्यातच मोडलेली निघाली. सर्वांत खटकते ती प्लगची चूक. प्रशांत महासागरातील टिनियन बेटावर बॉम्ब विमानात चढवला तेव्हा त्यात तीन हिरवे सुरक्षा-प्लग होते. विमानातील शस्त्रतज्ज्ञ मॉरिस जेप्सन यांनी ते उड्डाणादरम्यान काढून लाल प्लग बसवले. मॉडेल मात्र जमिनीवरील गाड्यावर ठेवलेले आहे आणि प्लग लाल आहेत. प्लग सुटे दिले असते तरी भागले असते, पण ते पक्के चिकटवले आहेत.

सोबतच्या माहितीकार्डावर दोन्ही बॉम्ब एनोला गे या विमानातून टाकल्याचे छापले आहे. नागासाकीवर ९ ऑगस्ट १९४५ रोजी बॉम्ब टाकणारे विमान बॉक्सकार होते. कार्डावर वजन, लांबी आणि स्फोटाची शक्ती यांचे आकडे आहेत, परंतु १९४५ अखेरपर्यंत हिरोशिमात अंदाजे १,४०,००० आणि नागासाकीत अंदाजे ७४,००० माणसे मृत्युमुखी पडली, याबद्दल एक ओळही नाही. शिवाय जोडीवर ‘भेट’ म्हणून नारिंगी रेझिनचा अळिंबीच्या आकाराचा ढग दिला जातो. तो कपाटात मांडण्याचे धाडस मला झाले नाही. यंत्राची प्रतिकृती जपणे मला पटते, त्या ढगाची शोभेची वस्तू करणे पटत नाही.

वर्कशॉपच्या मालकांशी बोलणे मात्र सुखाचे होते. त्यांनी तक्रार शांतपणे ऐकून घेतली, मोडलेली अँटेना पितळी तारेची बनवून दिली आणि लिटल बॉयची फाइल दुरुस्त करण्याचे कबूल केले. तोवर जोडीच्या सवलतीच्या मोहात न पडता फॅट मॅन तेवढा सुटा घ्यावा. ४,२०० रुपयांत हे काम स्वस्तच पडते, फक्त ते उन्हात ठेवू नये, कारण एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या खिडकीजवळ रेझिनच्या पातळ पट्ट्या वाकू लागतात.