रोपवेने चढायचं की उतरायचं?

डोंगर, रोपवे आणि पायथ्याची नदी एकाच दिवसात बसवायची, तर खरा प्रश्न क्रमाचा.

रोपवेने वर गेलं की पोरं ताजीतवानी राहतात. पण उतारावर गुडघे बोलायला लागतात, त्यामुळे आजी-आजोबांनी रोपवेनेच परतावं.

पायी चढायचं तर स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा 1892 चा हिशोब धरा: साधारण 5 किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाईला आणखी एक. मुलांच्या खाऊचे थांबे वेगळेच! त्यात जोराच्या वाऱ्यात रोपवे बंद ठेवतात. वर पोचल्यावर ते कळलं तर पायपीट दुप्पट आणि शेवटची बोटही गेलेली. उलट क्रमात हे सकाळीच कळतं, म्हणून मी रोपवेनेच चढेन.