ओटीपी येतो, पण सड्यावर! बँकेचं ॲप आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या मंगळवारी माझं नेटबँकिंग चोवीस तासांसाठी बंद पडलं. गुन्हा काय, तर तीन वेळा चुकीचा ओटीपी टाकला. तिन्ही ओटीपी बँकेनेच पाठवलेले होते. तेव्हा म्हटलं, आता लिहायचंच.

आमचं घर गुहागर तालुक्यात, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, खालच्या अंगाला. घरात फायबर आहे, दुबईच्या नणंदेशी तासभर व्हिडिओ कॉल चालतो, पण मोबाईलची रेंज म्हणाल तर न्हाणीच्या कोपऱ्यात एक दांडी, तीही वाऱ्यावर. धड रेंज हवी तर सड्यावर चढायचं. मी कोकम, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), फणसपोळी कुरियरने विकते. गिऱ्हाईकांचे पैसे यूपीआयवर येतात, त्याची तक्रार नाही. एकदा नोंदणी झाली की पैसे द्यायलाही वायफायवर पिन टाकला, काम झालं. पण बरण्यांचा व्यापारी चालू खात्यावर एनईएफटीच मागतो. म्हणजे नेटबँकिंग, म्हणजे ओटीपी.

ओटीपी तीन मिनिटं चालतो. घरापासून सडा बारा मिनिटं, तेही पावसाळ्यात पाखाडी (दगडी पायवाट) निसरडी नसेल तर.

सगळ्यांत जास्त राग मला त्या ‘पुन्हा पाठवा’ बटणाचा आहे. तीस सेकंद उलटे मोजून ते निळं होतं आणि माणसाचा हात जातोच. दाबलं की आधीचा ओटीपी बाद. मग न्हाणीच्या कोपऱ्यात दांडी आली की तिन्ही मेसेज एकदम धडाधड येतात, क्रमाची खात्री नाही. मजकूर तोच, रक्कम तीच, आणि वेळ बघावी तर फोन मेसेज मिळाल्याची दाखवतो, पाठवल्याची नाही. यातला जिवंत कुठला, हे ओळखायचं कसं? नुसता ‘पहिला’, ‘दुसरा’, ‘तिसरा’ असा एक शब्द मेसेजात घाला की! सव्वाशे रुपयांच्या बरणीच्या झाकणावरही मी तारीख लिहिते, बँकेला एवढं जमू नये? (हे वाक्य मी तक्रारीतही लिहिलं होतं. उत्तर आलं, ‘कृपया नेटवर्क तपासा’.)

कस्टमर केअरला फोन केला तर ओळख पटवायला ओटीपी. शाखेत विचारलं, ईमेलवर पाठवता का? म्हणाले, ती सोय परदेशातल्या ग्राहकांना. म्हणजे दुबईतल्या नणंदेला ओटीपी ईमेलवर आणि मला सड्यावर.

शेवटी आमच्याकडे सगळे करतात तेच मीही केलं. सिम काढून चिपळूणच्या भावाच्या जुन्या फोनात टाकलं. तो ओटीपी वाचून व्हॉट्सॲपवर सांगायचा. ‘हा कुणालाही सांगू नका’ असं त्याच मेसेजात लिहिलेलं असतं, तेही तो चेष्टेने वाचून दाखवायचा. सुरक्षेच्या नावाखाली अर्ध्या वाडीचे ओटीपी असेच मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडे असतात. आठवड्याभरात यूपीआय ॲपने माझ्या फोनात सिम नाही म्हणून हात वर केले. सिम एसटीने परत मागवलं.

इथवर मी दोनच तारे देणार होते.

मग भाच्याने फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करून दिलं, म्हणजे रेंजऐवजी घरच्या वायफायवरून कॉल आणि एसएमएस. आपल्याकडे ते 2019-20 पासून आहे, मला ठाऊकच नव्हतं. युक्ती अशी की आधी एअरप्लेन मोड लावायचा, मग वायफाय चालू करायचं. नाहीतर फोन त्या एका दांडीला चिकटून बसतो. माझ्या फोनवर ओटीपी घरात, चुलीपाशी यायला लागला. त्या दिवशी मी गुळाचा खडा वाटला. लाईट गेली की राउटर बंद, म्हणून त्याला छोटा यूपीएस जोडला. घरी फायबर असताना मोबाईल डेटावर पैसे वाया घालवायचे नाहीत म्हणून फक्त कॉल-एसएमएसचं रिचार्ज घेतलं. असे पॅक ठेवायला दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना भाग पाडलं, माझ्यासारखीसाठी ते बरं झालं. चार तारे झाले.

पुढे शाखेतल्या नव्या मुलीने आणखी एक गोष्ट दाखवली. बँकेच्या ॲपमध्ये सेटिंगच्या तिसऱ्या पानात ‘ॲपमधून मंजुरी’ आहे. व्यवहार नेटबँकिंगवर केला की ॲप विचारतं, एमपिन (ॲपचा पिन) टाकायचा, संपलं. एसएमएसचा संबंधच नाही. कार्डाने ऑनलाइन खरेदीला ओळख पटवण्याचा दुसरा टप्पा 2009 पासून सक्तीचा आहे, पण तो एसएमएसच हवा असं कुठे आहे? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2025 मध्ये काढलेल्या आणि 1 एप्रिल 2026 पासून लागू असलेल्या निर्देशांत तर एसएमएस ओटीपीखेरीज दुसरे मार्गही चालतात. मग ही सोय तिसऱ्या पानात लपवून का ठेवली?

आणि मग फोन आगळाच्या पातेल्यात पडला.

मिठाच्या पाण्यातून निघालेला फोन वाचत नाही. मी पैसे वाचवायला चिपळुणातून दुसऱ्या हाताचा घेतला. त्यात आमच्या मोबाईल कंपनीचं वायफाय कॉलिंग चालत नाही, हे घरी आल्यावर कळलं. नवा फोन म्हणजे ॲपची पुन्हा नोंदणी, आणि नोंदणीला फोनातूनच बँकेला एसएमएस जावा लागतो. न्हाणीच्या कोपऱ्यातून तो तीनदा अडकला. बरण्यांचे पैसे थकले होते म्हणून मी पुन्हा जुन्या वाटेने गेले, बटण दाबलं, तीन मेसेज, तीन चुका, नेटबँकिंग बंद.

बुधवारी छत्री घेऊन सड्यावर गेले, माझ्या रिचार्जात डेटा नाही म्हणून भाच्याचा हॉटस्पॉट बरोबर. एसएमएस पहिल्या फटक्यात गेला, नोंदणी झाली, मंजुरी आता घरातून चालते. व्यापाऱ्याला तिथेच जांभ्या दगडावर बसून पैसे पाठवले.

अडीच तारे. अर्धा तारा त्या शाखेतल्या मुलीचा. वायफाय कॉलिंगवाला फोन दिवाळीत बघेन, आणि तो आगळापासून लांब, फळीवर राहील.