जुन्या लॅपटॉपसाठी लिनक्स मिंट की हायकू?

ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा मोफत आधार संपला, तेव्हा बाबांच्या चार जीबी रॅमच्या लॅपटॉपचे काय करावे, हा प्रश्न इंदूरच्या आमच्या घरातही आला. जेल रोडवरून आणलेल्या दोन पेनड्राइव्हपैकी एकीवर लिनक्स मिंट या मोफत संगणक प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती आणि दुसरीवर हायकू ही दुसरी मोफत प्रणाली उतरवून मी दोन्ही काही दिवस वापरून पाहिल्या.

हायकू ही लिनक्सची शाखा नव्हे. बीओएस या जुन्या संगणक प्रणालीचा वारसा चालवण्यासाठी 2001 मध्ये स्वयंसेवकांनी सुरू केलेली ही स्वतंत्र प्रणाली आहे. तिच्या खिडक्यांना पिवळी पट्टी असते, आणि विंडोज कळ दाबून एक पट्टी दुसरीवर नेली की दोन्ही खिडक्या एकाच गठ्ठ्यात बसतात. पत्र लिहिताना संदर्भही हाताशी उघडा ठेवणाऱ्याला ही सोय फारच आवडेल. सॉफ्टवेअरचे पॅकेज उलगडून फायली पसरवण्याऐवजी ते जसेच्या तसे जोडले जाते, त्यामुळे एखादी भर बिघडली तर सुरू होतानाच आधीची स्थिती निवडता येते. ही रचना मला मनापासून सुंदर वाटते. मात्र हायकू अजून बीटा, म्हणजे चाचणीच्या, अवस्थेत आहे, आणि एकाच संगणकावर वेगवेगळ्या व्यक्तींची स्वतंत्र खाती तिच्यात ठेवता येत नाहीत.

मिंटमध्ये असे नवल नाही. उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या दीर्घकालीन आवृत्तीवर उभी असल्याने तिला पाच वर्षे सुधारणा मिळतात, आणि पत्रे आणि तक्ते करण्याचे लिब्रेऑफिस सोबतच येते. बाबांच्या लॅपटॉपवर मी मिंटच बसवली; हायकूची पेनड्राइव्ह माझ्या टेबलावर आहे.