मण्यांची छोटी भट्टी: काही महिने वापरून, आणि त्या झडपेबद्दल

काचेच्या मण्यांच्या माझ्या भट्टीतला थर्मोकपल, म्हणजे आतलं तापमान मोजणारी तार, गेला आणि कंपनीने तो वॉरंटीत बदलून द्यायला नकार दिला, म्हणून आज लिहायला बसले. ‘झिजणारा भाग आहे, वॉरंटीत येत नाही,’ एवढंच उत्तर. भट्टीचं सगळं गणित ज्या एका तारेवर चालतं तीच झिजणारी ठरवायची, हे मला मान्य नाही.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. भट्टी येण्याआधी मी मणी ज्योतीतून काढून व्हर्मिक्युलाइटमध्ये (उष्णता धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजाच्या दाण्यांत) पुरायचे. मणी सावकाश निवायचा, पण आतला ताण तसाच राहायचा. वरून धडधाकट, आणि कधीतरी हारात ओवलेला असतानाच तडकायचा. भेट दिलेल्या हारातला मणी फुटल्याचं कळलं की जीव कासावीस व्हायचा. आता १०४ ची काच (मण्यांची मऊ काच; १०४ हा ती तापल्यावर किती प्रसरण पावते त्याचा आकडा) ५१० अंशांवर धरते, शेवटचा मणी गेल्यावर तासभर तसंच ठेवते, मग तासाला ५० अंशांच्या बेताने ३७० पर्यंत उतरवते आणि बंद करते. पारदर्शक मणी दोन आडव्या-उभ्या पोलरायझिंग फिल्ममध्ये धरून बघते. ताण असला तर तिथे उजेड दिसतो. आता मणी काळाभोर दिसतो, आणि तो बघून जे समाधान मिळतं त्यासाठी भट्टीवरचा खर्च वसूल.

आता झडप. मॅन्ड्रेलसकट, म्हणजे ज्या सळीवर मणी घडवतो तिच्यासकट, मणी आत सरकवायला दारात जी छोटी झडप आहे, तिच्या अगदी शेजारी थर्मोकपलचं टोक आहे. झडप उघडली की गार हवा आधी त्याच्यावर जाते. आकडा झरझर खाली येतो, कंट्रोलर कॉइल पेटवतो, आणि मागच्या भिंतीजवळ आधीच तापलेली जागा आणखी तापते. मण्यामागून मणी टाकताना हे सतत चालतं. परिणाम: मागचे मणी मऊ पडून त्यांच्या पोटावर फरशीचा ठसा उमटतो. हस्तिदंती काचेवर ओढलेली काळी बारीक रेघ, जिच्यासाठी अख्खी संध्याकाळ श्वास रोखून बसले होते, ती चपटी झालेली बघून रडू यायचं बाकी होतं. कंपनीला फोटो पाठवले तर म्हणाले, दार कमी वेळा उघडा. मण्यांसाठीच म्हणून विकलेल्या भट्टीचं दार कमी उघडायचं म्हणजे काय?

इथवर लिहिताना माझं मत ‘घेऊ नका’ असंच होतं. पण उष्णता अडवणाऱ्या फायबर ब्लँकेटचा तुकडा झडपेच्या आतून पडद्यासारखा टांगल्यापासून आकडा फारसा ढळत नाही आणि मागचे मणीही गोल निघतात, हेही सांगायला हवं. (फायबर कापताना मास्क घालाच. त्याचे कण फुप्फुसात जाऊ देऊ नका.) जे काम कारखान्यात व्हायला हवं होतं ते मला करावं लागलं, याचा राग मात्र गेलेला नाही.

कॉइल, विटा, कंट्रोलर यांबद्दल तक्रार नाही. कंट्रोलर वीज गेल्यावर प्रोग्रॅम विसरत नाही, ही मोठी गोष्ट.

घेणार असाल तर पैसे देण्याआधी एकच विचारा: थर्मोकपल कुठे बसवला आहे, आणि तो वॉरंटीत येतो का. उत्तर लेखी घ्या. मी के-टाइपचा थर्मोकपल बाहेरून मागवला आहे, आणि या वेळी तो दारापासून लांब, मणी ठेवते त्या पातळीवर बसवून घेणार आहे.