सिंगल चेनरिंगवर चेन उतरते: नॅरो-वाइड, क्लच की चेन गाईड?

पुढे एकच चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) असलेल्या माउंटन बाईकवर चेन उतरू लागली की बरेच जण आधी नवीन चेनरिंग मागवतात. कधी त्याने काम होतं, कधी पैसे वाया जातात. माझं म्हणणं असं, की चेन कुठल्या गिअरमध्ये, कुठल्या बाजूला आणि काय करताना उतरते हे नीट पाहिल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये. बाजारातले तीन मुख्य उपाय तीन वेगवेगळ्या जागी काम करतात आणि एकाचं काम दुसरा करत नाही.

पुढे दोन-तीन चेनरिंगा असायच्या तेव्हा पुढच्या डिरेलरचा, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेचा, पिंजरा चेनला दोन्ही बाजूंनी अडवून ठेवायचा. तो काढला की ही आडकाठी गेली. शिवाय त्या जुन्या चेनरिंगांचे दाते मुद्दाम असे घडवलेले असतात, की गिअर बदलताना चेन त्यांच्यावरून सहज निसटावी. जुन्या क्रँकवरची (पेडलच्या दांड्यांवरची) मधली चेनरिंग तशीच ठेवून बाकीच्या काढल्या असतील, तर चेन पडणारच. चेन सोडण्यासाठीच तिचे दाते बनवलेले आहेत.

अशा सायकलला पहिला उपाय नॅरो-वाइड चेनरिंगचा. चेनमध्ये एक कडी आतली, एक बाहेरची अशी जोडणी असते आणि बाहेरच्या कडीतली फट जास्त रुंद असते. साध्या चेनरिंगचे सगळे दाते आतल्या कडीत मावतील इतकेच जाड असतात, त्यामुळे बाहेरच्या कडीत ते सैल बसतात. नॅरो-वाइडमध्ये एक दाता बारीक, पुढचा जाड, त्यामुळे दोन्ही कड्या घट्ट बसतात. स्राम कंपनीने २०१२ मध्ये एक्सएक्स१ या गिअर संचात ही रचना आणली आणि सिंगल चेनरिंगची चाल तिथून जोरात पसरली. अशा चेनरिंगला दाते नेहमी सम संख्येत असतात: ३०, ३२, ३४. साफसफाईनंतर चेन परत चढवताना एक गोष्ट जरूर तपासा. जाड दात्यावर आतली कडी आली, तर चेन पूर्ण खाली बसत नाही, दात्यांच्या टोकांवर चढून राहते आणि पहिल्याच जोरात निसटते. एक दाता पुढे-मागे करून बसवली की झालं.

नॅरो-वाइडची मर्यादा झिजण्यात आहे. चिखल-वाळूत चालणाऱ्या सायकलवर जाड दाते बाजूंनी घासून बारीक होतात आणि चेनरिंग हळूहळू साध्या चेनरिंगसारखी वागू लागते. चेनरिंगच्या सगळ्यात पुढच्या टोकाशी चेन चिमटीत धरून पुढे ओढा. ती दात्यांपासून ठळकपणे उचलली जात असेल, तर चेन ताणली गेली आहे किंवा दाते गेले आहेत, बहुधा दोन्ही. अकरा-बारा गिअरच्या चेन साधारण ०.५ टक्के लांबल्या की बदलाव्यात. खूप झिजू दिलेली चेन चेनरिंग आणि कॅसेट (मागच्या चाकावरचा चक्रांचा संच) दोन्ही खाते.

दुसरा उपाय क्लच असलेला मागचा डिरेलर. खडबडीत उतारावर पेडल मारणं थांबलेलं असताना खालची चेन वर-खाली आपटते, डिरेलरचा पिंजरा पुढे ओढला जातो, चेन ढिली पडते आणि त्या ढिलाईची लाट चेनरिंगपर्यंत पोहोचते. क्लच पिंजऱ्याला पुढे जाताना घर्षणाने रोखतो, मागे येताना मात्र मोकळा सोडतो. म्हणजे नॅरो-वाइड दाता चेनला धरून ठेवतो आणि क्लच तिला सुटण्याची संधीच कमी देतो. हे दोन्ही एकत्र असावेत असं मी ठामपणे सांगेन. क्लचमुळे फ्रेमवर चेन आपटण्याचा खडखडाटही बराच कमी होतो. बदल्यात गिअरचं बटण जरा जड लागतं. फुल सस्पेन्शनवर, म्हणजे मागेही शॉक असलेल्या सायकलवर, क्लच फार घट्ट केला, तर छोट्या धक्क्यांवर मागचं सस्पेन्शनही किंचित अडल्यासारखं वाटतं.

शिमानोच्या क्लच डिरेलरवर छोटी कळ असते, चाक काढताना ती बंद करतात. चाक लावल्यावर ती परत चालू करायची राहून जाते आणि पुढच्या उतारावर चेन पडते. त्यामुळे डिरेलर बदलायचा विचार करण्याआधी ही कळ बघा, मग पिंजरा हाताने पुढे ढकलून बघा. सहज गेला, तर क्लच ढिला आहे. शिमानोच्या बऱ्याच डिरेलरवर तो घरी घट्ट करता येतो. स्रामच्या बहुतेक डिरेलरवर तशी सोय नाही.

तिसरा उपाय वरचा चेन गाईड. चेन चेनरिंगवर जिथून चढते, तिथेच तिला दोन्ही बाजूंनी अडवणारा हा छोटा तुकडा. वजन नगण्य, घर्षण नीट बसवला तर शून्य. फ्रेमवर बॉटम ब्रॅकेटभोवती (क्रँक जिथे फिरतो त्या भागाभोवती) आयएससीजी-०५ या ठरलेल्या मापाची तीन भोकं असतील, तर तिथे बसतो. नसतील, तर सीट ट्यूबवर पट्ट्याने बसणारे मिळतात. बसवल्यावर कॅसेटच्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या चक्रावर चेन नेऊन बघा, दोन्हीकडे ती गाईडला घासता कामा नये. फुल सस्पेन्शनवर मागचा भाग दाबला गेला की वरच्या चेनचा कोन बदलतो, तेवढी जागा वर-खालीही सोडावी लागते.

नॅरो-वाइड असेल, तर खालचा रोलर किंवा सरकपट्टी असलेला पूर्ण गाईड आता डाउनहिल शर्यतीच्या सायकलींनाच शोभतो, कारण तो वजन आणि घर्षण दोन्ही वाढवतो. बॅश गार्डची, म्हणजे चेनरिंगला दगडांपासून वाचवणाऱ्या कवचाची, गोष्ट वेगळी. दगडांवर चेनरिंग आपटत असेल तर तो घ्याच, कारण एक वाकलेला दाता बाकी सगळ्या उपायांवर पाणी फिरवतो.

मोठ्या चक्रावर असताना उलटं पेडल मारलं की मागे कॅसेटवरून चेन खाली घसरते, ही तक्रारही कानावर येते. इथे वरचे तिन्ही उपाय निरुपयोगी आहेत. दोष चेनलाइनचा (फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगच्या अंतराचा), म्हणजे चेनरिंग फार बाहेर आहे. बूस्ट (मागे जास्त रुंद हब बसणाऱ्या) फ्रेमवर ती मध्यापासून साधारण ५२ मिलिमीटर असते, काही नव्या संचांत ५५. वेगळ्या ऑफसेटची (आत-बाहेर वेगळ्या अंतरावर बसणारी) चेनरिंग लावून ती आत घेता येते, फक्त फ्रेमला घासणार नाही ना हे पाहून.

मग कोणी काय घ्यावं? जुनी सायकल सिंगल करताय आणि पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत, तर नॅरो-वाइड घ्या. ती त्या क्रँकला मिळतच नसेल, तर साध्या चेनरिंगवर वर-खाली दोन्हीकडचा गाईड. नॅरो-वाइड आहे पण डिरेलर बिनक्लचचा, तर पुढचा खर्च क्लचवर. दोन्ही आहेत, चेन ताजी आहे, तरीही दगडी उतारांवर पडते, तर वरचा गाईड लगेच लावा. सपाट मातीच्या वाटांवर चालवणाऱ्याला त्याची गरज पडत नाही.

आणि तिन्ही असून चेन पडत असेल, तर खरेदी थांबवा. चेनची लांबी मोजा, फुल सस्पेन्शनवर ती शॉकमधली हवा काढून, चेन जिथे सगळ्यात ताणली जाते त्या स्थितीत. डिरेलर हँगर (मागचा डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकलाय का, चेनरिंगचे बोल्ट सैल आहेत का, आणि चेन उलटी फिरवताना एखादी कडी अडखळते का, हेही बघा. एकाच अडकलेल्या कडीमुळेही चेन उतरू शकते.