दत्तक की फॉस्टर केअर? ख्रिस्ती जोडप्यांसाठी

मूल घरी आणायची ओढ प्रार्थनेतून आली असली, तरी पुढे हा प्रश्न येतोच.

दत्तकात कायदा नातं कायमचं बांधतो. आडनाव, वारसा, सगळं पोटच्या मुलासारखं. पौलाने रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायात देवाशी असलेल्या आपल्या नात्याला दत्तकपणाचीच उपमा दिली. रोमन कायद्यात दत्तक पुत्र वारस ठरत असे. मला ती उपमा फार प्रिय आहे. पण त्या चित्रात आपण दत्तक घेतलेली मुलं आहोत, तारणारे नाही. मुलाला ‘वाचवायला’ निघालेल्या घरात मूल उपकाराच्या ओझ्याखाली वाढतं. त्याची पहिली आईही पुसून टाकायची नसते. फारोच्या मुलीने मोशेला मुलगा मानलं, तरी दूध त्याला जन्मदात्या आईनेच पाजलं होतं.

फॉस्टर केअरमध्ये मूल बहुधा काही काळासाठी येतं आणि घरची परिस्थिती सावरली की परत जातं. त्याच्या परतण्यासाठी मनापासून प्रार्थना करता येईल का, हे आधी स्वतःला विचारा. मोठे निर्णयही सहसा तुमच्या हातात नसतात, अगदी बाप्तिस्म्याचासुद्धा.

म्हणून ‘आपलं’ मूल हवं असेल, तर फॉस्टर केअरकडे दत्तकाची जवळची वाट म्हणून पाहू नका. त्यात मुलाच्या आईबापांवर अन्याय होतो. निरोप पेलवणार असेल, तर मात्र जरूर पुढे या. आणि दोन भावंडांना एकत्र ठेवता येत असेल, तर मूल सोपवणाऱ्या संस्थेला पहिल्याच भेटीत तसं सांगा.